मास्तर, कॉलेज तू निवडलं नव्हतंस

मास्तर, हर्षालीचं कॉलेज तू निवडलं नव्हतंस. मी निवडलं. एवढं साधं वाक्य, पण तू होतास तोवर ते माझ्या तोंडून निघालं नाही, आणि तुला पोचवून आल्यापासून थांबत नाही. जेवताना येतं, पेपर वाचताना येतं. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहा, असं सांगणं आलंय. तुझा जन्म कधीचा, नोकरी किती वर्षं, बक्षिसं कोणती, हे त्यांना हवं असेल. ते कुणीही लिहील. मला लिहायचंय ते दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही.

आपली गाठ पाचवीत पडली. मी सुकापूरहून चालत पनवेलला यायचो, तू शाळेच्या मागच्या गल्लीत राहायचास. भूगोलाच्या वहीतला माझा महाराष्ट्र तू काढायचास आणि मैदानावरची तुझी भांडणं मी करायचो. पुढे तू मुंबईला चित्रकला शिकलास, त्याच शाळेत ड्रॉइंगचा मास्तर होऊन आलास, आणि सगळ्यांसोबत मीही तुला मास्तर म्हणायला लागलो. 'तू' मात्र सुटलं नाही. आमच्या आगरी घरात बापालाही 'तू'च म्हणतात. तू मला नाऱ्या म्हणायचास. जमिनीला भाव आला, भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या, लोक मला नारायणशेठ म्हणायला लागले, तेव्हा चारचौघांत तूही 'शेठ' म्हणायचास. पण त्या शब्दाला असा काही चिमटा असायचा की त्यापेक्षा नाऱ्या बरं वाटायचं.

बंगला बांधला तेव्हा मी बाहेरून पोपटी आणि जांभळा रंग दिला होता. तू फाटकातच थांबलास आणि शांतपणे विचारलंस, "नाऱ्या, यात राहायचं की चाटायचं?" माझी बायको हसून हसून पायरीवर बसली. मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नाही. रंगही बदलला नाही. आपली सगळी भांडणं अशीच असायची. तू एक वाक्य बोलून मोकळा व्हायचास, आणि ते वाक्य बरोबर आहे हे कळूनही मी उलट वागून दाखवायचो. त्यात नुकसान कुणाचं झालं नाही तोवर ती मजाच होती.

हर्षाली माझी नात, दिनेशची धाकटी. आमच्या लग्नात धवलारीण गाणी म्हणते आणि मांडवात तांदळाच्या पिठाने चौक भरतात. बाकीची पोरं नाचात नाहीतर पंगतीत असायची, आणि ही धवलारणीच्या मांडीला टेकून, चिमटीतून पीठ सोडत बसायची. तू ते एका लग्नात पाहिलंस. जेवण झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणालास, "हिचा हात थरथरत नाही बघ. रविवारी पाठव माझ्याकडे." मी म्हटलं, "फी किती?" तू म्हणालास, "तुझ्या घराचा रंग बदल, तीच फी." फीही दिली नाही आणि रंगही बदलला नाही, तरी ती दर रविवारी येत राहिली.

इतर मुलांना तू चित्रकलेच्या परीक्षांसाठी तयार करायचास ते मला समजायचं, त्यात ग्रेड मिळायची. हर्षालीला तू काय शिकवत होतास ते मात्र कधी नीट कळलं नाही. आमच्या जुन्या चादरी तुझ्या घरी जायच्या आणि भेंडीचे, बटाट्याचे, कापलेल्या रबराचे ठसे अंगावर घेऊन परत यायच्या. मग लाकडाचे ठोकळे आले, रंग गाळून छापायच्या जाळीच्या चौकटी आल्या. बारावीनंतर ती म्हणाली, मला कापडावरची छपाई शिकायचीय, बाहेरच्या देशात जाऊन. दिनेशने मान डोलावली. मी तर खूशच झालो. सुकापुरातून इंजिनीअर गेले होते, या कामाला कुणी गेलं नव्हतं.

ते वर्ष तू तिच्यासाठी घातलंस. कॉलेजला पाठवायची चित्रं निवडताना मीही तुझ्या घरी बसलो होतो, आठवतं? मी तिचा गणपती पुढे केला, चमकी लावलेला. तू तो हळूच बाजूला ठेवलास आणि कचऱ्यात जातील असे कागद उचललेस. शाई पसरलेले, ठसा वाकडा पडलेले. मी म्हटलं, "अरे, हे पाठवून पोरीची इज्जत घालवशील."

"तिथं सफाई बघत नाहीत, नाऱ्या. चुकल्यावर पोरगी पुढे काय करते ते बघतात."

"आणि गणपती?"

"गणपतीला तिथली फी भरायची नाहीये. तो इथंच राहू दे."

हर्षाली तोंडावर हात ठेवून हसत होती. त्यानंतर तिला असं हसताना मी फारसं पाहिलेलं नाही, म्हणून हे लिहून ठेवतो.

दोन ठिकाणचे होकार आले. एक लंडनचं, ज्याचं नाव मलासुद्धा माहीत होतं, कारण कुठल्या तरी नटाची मुलगी तिथं शिकते असं टीव्हीवर ऐकलं होतं. दुसरं स्कॉटलंडमधल्या एका लहान गावातलं, नाव उच्चारता येत नव्हतं. होकार कळवायला थोडे दिवस होते. त्या दिवसांत तू तिला काय काय करायला लावलंस ते मी बघत होतो. दोन्हीकडे शिकणाऱ्या, बाहेरच्या देशांतून आलेल्या मुलांना शोधून तिने प्रश्न पाठवायचे. छपाईच्या खोलीत पहिल्या वर्षाला हात लावू देतात का? की नंबर लावावा लागतो? एका शिक्षकाकडे किती मुलं? राहायची जागा कॉलेजपासून किती लांब? सुट्टीत सगळे घरी गेले की तुम्ही काय करता? मला हसू यायचं. स्थळ बघावं तशी चौकशी. तू म्हणालास, "स्थळापेक्षा जास्त. स्थळ पसंत पडलं नाही तर माहेर एका रात्रीच्या प्रवासावर असतं. इथून परत यायला समुद्र आहेत."

उत्तरं आली. लंडनला वर्ग मोठे, यंत्रावर नंबर, राहणं तास-दीड तासावर. त्या लहान गावात प्रत्येकाला स्वतःचं टेबल, ते वर्षभर कुणी हलवत नाही, आणि शिकवणारी बाई स्वतः छापणारी. हर्षाली त्या टेबलाचं चित्र बघत बसायची. तुझ्या खोलीत, तिच्यादेखत, आपलं शेवटचं खरं भांडण झालं.

"नाव बघ, मास्तर. नाव नसलेल्या कॉलेजात पाठवलं तर गावाला सांगू काय?"

"गाव शिकायला जाणार आहे का?"

"उद्या परत आल्यावर काम नावावर मिळतं."

"काम हातावर मिळतं. आणि हात चालायला तिला टेबल पाहिजे. तिलाच विचार की."

मी तिला विचारलं नाही. तू विचारायला सांगितलंस म्हणून विचारलं नाही, इतका साधा तो हट्ट होता.

आमच्याकडे बॅनर लावायची रीत आहे हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. वाढदिवसाला बॅनर, बारशाला बॅनर, शर्यतीत बैल पहिला आला तर बैलाचा बॅनर. चार दिवसांनी गावची जत्रा होती, पाहुणे येणार होते. माझ्या पुतण्याचं छपाईचं दुकान आहे. मी त्याला फोन केला. जत्रेच्या सकाळी नाक्यावर बॅनर उभा होता. हर्षालीचा कुणाच्या तरी हळदीत काढलेला फोटो, मागे लंडनचं घड्याळ, खाली माझा, दिनेशचा, आणि ज्यांचा काही संबंध नाही अशा दहा-बारा जणांचे फोटो. 'सुकापूरची कन्या लंडनला.' कॉलेजचं नाव तांबड्या अक्षरांत.

ती दुपारी माझ्याकडे आली. मी पाहुण्यांत बसलो होतो, गव्हाणची माझी बहीण पेढे घेऊन आली होती. हर्षाली कानाशी वाकून म्हणाली, "आबा, मी अजून त्यांना हो म्हटलेलं नाही."

मी म्हटलं, "मग म्हण की."

मास्तर, एवढंच झालं. मी ओरडलो नाही, बजावलं नाही. तीन शब्द, तेही हसत. तिने माझ्याकडे पाहिलं, पेढ्याच्या डब्याकडे पाहिलं आणि आत गेली. संध्याकाळी लंडनला होकार गेला.

तू दुसऱ्या दिवशी आलास. फाटकात थांबला नाहीस, थेट आत आलास. म्हणालास, "होकार अजून बदलता येईल. बॅनर उतरव. छापताना चूक झाली म्हणून सांग."

"उतरवलेला बॅनर म्हणजे कापलेलं नाक, मास्तर."

"मग माझं नाव सांग. मास्तरने चुकीचं कॉलेज सांगितलं म्हण. मला कोण काय बोलणार? दोन दिवस हसतील. पोरगी सुटेल."

मी म्हणालो, "माझ्या घरच्या गोष्टीत तुझं नाव कशाला?" केवढा मानी होतो मी. तुझं नाव नको म्हणालो. पुढे तेच नाव मी गावभर वापरलं.

ती गेली. फोनवर सगळं छान आहे म्हणायची. तिथं ती शहराच्या एका टोकाला चार अनोळखी मुलींबरोबर राहत होती, यंत्राचा नंबर लागायचा तो कधी सकाळी, कधी संध्याकाळी, आणि मधल्या वेळात बसायला जागा नव्हती. हळूहळू तिने नंबर लावणं सोडलं, मग जाणं सोडलं. हे आम्हाला ती परत आल्यावर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. दुसरं वर्ष पुरं व्हायच्या आधीच ती घरी आली, वजन अर्धं होऊन. कुणी विचारलं तर म्हणायची, "जमलं नाही."

आणि मग गव्हाणची ती हळद, माझ्या बहिणीच्या घरची. मांडवाबाहेर खुर्च्या टाकून आम्ही बसलो होतो. माझ्या मेव्हण्याने सगळ्यांसमोर विचारलं, "शेठ, नातीचा काय झाला रं? परत आली बोलतात. लंडनला नाय चालली काय?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. नाक्यावरचा बॅनर सगळ्यांनी पाहिलेला होता. मी म्हटलं, "मास्तरच्या नादाला लागलो. कॉलेज त्यानं निवडलं. आमाला त्यातला काय कळतंय?"

तू माझ्या मागे उभा होतास, हातात ताट घेऊन. माझ्या बहिणीने तुला आवर्जून बोलावलं होतं. मी वळलो तेव्हा आपली नजर भेटली. तू ताट ठेवलंस, हात धुतलेस, बहिणीला सांगून निघालास. एवढंच बोलला असतास, "नाऱ्या, खोटं बोलतोयस," तर मी तिथंच कबूल झालो असतो असं मी स्वतःला सांगत आलोय. तेही खरं नाही. मी आणखी मोठ्याने बोललो असतो.

आमच्या भागात हळदीत बोललेलं वाक्य दुसऱ्या दिवशी रोडपालीपासून उरणपर्यंत पोचतं. मास्तर पोरांना परदेशाचं वेड लावतो. मास्तरला तिकडून कमिशन असतं. हे दुसरं मी बोललो नव्हतो, पण कुणी बोललं तेव्हा मी खोडलंही नाही. तुझ्या रविवारच्या वर्गातली मुलं कमी झाली, मग वर्ग बंद झाला. शाळेच्या पंचाहत्तरीच्या कार्यक्रमात तुझा सत्कार ठरला होता, तो कुणीतरी 'पुढे बघू' म्हणून टाळला. मी त्या समितीत होतो. तू आणि सुलभावहिनी मुलाकडे रोडपालीला राहायला गेलात. वहिनी म्हणाल्या, तिथं लिफ्ट आहे म्हणून.

तरी तू माझ्याशी बोलणं तोडलं नाहीस. याचा मला तेव्हा राग यायचा, आता त्याचेच उपकार वाटतात. महिन्या-दोन महिन्यांनी वडाळे तलावावर भेटायचो. गुडघे, औषधं, नव्या विमानतळामुळे वर घिरट्या घालायला लागलेली विमानं. एकदाच तू विचारलंस, "हर्षाली काही काढते का रे?" मी म्हटलं, "नाही." त्या वेळी मी बोलायला हवं होतं. शेजारी कुणी नव्हतं. मी म्हटलं, "चल, ऊन चढलं."

हॉस्पिटलातही तसंच. तोंडावर मास्क असल्यामुळे तुला बोलता येत नव्हतं, मला येत होतं. मी तुझा हात धरून नव्या रस्त्याच्या कामाबद्दल बोललो. तू डोळे मिटलेस. झोप आली असं समजून मी उठलो. तीच आपली शेवटची भेट.

तू गेल्यावर हर्षालीला मी सगळं सांगितलं. ती आता कळंबोलीत एका गोदामाच्या ऑफिसात काम करते, येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची नोंद ठेवते. मला वाटलं ती चिडेल, निदान रडेल. ती डबा भरत होती. म्हणाली, "मला माहीत होतं, आबा, तू सरांचं नाव सांगतोस ते. मी पण गप्प बसले. तुझं खोटं पडलं असतं ना." मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "म्हणून तर सरांकडे गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार?" तुला वाटत राहिलं असेल की पोरगी विसरली. ती विसरली नव्हती, मास्तर. माझी अब्रू सांभाळत होती. तिचं शिक्षण मी घालवलं हे मला ठाऊक होतं. तिचा सरही मीच घालवला, हे त्या दिवशी कळलं.

शाळेच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. मी ठरवून गेलो होतो. माझी पाळी आली तेव्हा सगळं बोललो. दोन कॉलेजं, बॅनर, हळदीतलं वाक्य, काही सोडलं नाही. मला वाटलं, पोचलं. मग अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "नारायणशेठचं मन किती मोठं आहे ते आज आपण पाहिलं. गेलेल्या मित्राचा दोष स्वतःच्या शिरावर घ्यायला काळीज लागतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या, मास्तर. तुझ्या शोकसभेत माझ्यासाठी टाळ्या. मी उठून म्हणालो, "अहो, मी खरं सांगतोय." शेजारच्याने माझा दंड धरून मला खाली बसवलं आणि पाणी दिलं.

सुलभावहिनींकडे गेलो. त्यांनी नेहमीसारखी खुर्ची पुढे केली. म्हणाल्या, "भावजी, तुम्ही बोललात ते खरं आहे, मला यांनी तेव्हाच सांगितलं होतं. मी म्हणायची, जाऊन सांगा सगळ्यांना. हे म्हणायचे, नाऱ्या स्वतः सांगेल. वाट बघू." त्या पुढे म्हणाल्या, "आता मात्र कुठे बोलू नका. तुम्ही जेवढं बोलता तेवढे तुम्ही मोठे होता आणि दोष यांच्याकडेच राहतो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्यांचं न ऐकता हे लिहितोय. छापून आलेलं तरी लोक खरं मानतील अशी थोडी आशा होती. ती परवा गेली. सुकापुरातलं एक जोडपं घरी आलं, बरोबर त्यांची मुलगी. तिला फर्निचरचं डिझाइन शिकायचंय, हॉलंड आणि कॅनडा अशी दोन कॉलेजं हाताशी आहेत. बाप म्हणाला, "शेठ, तुमी यातून गेलेलं हाव. तुमीच सांगा, कुठला धरायचा?"

मुलगी आईच्या मागे बसली होती. तिच्या नखांत लाकडाचा भुसा होता. मी म्हणालो, "मला यातलं काही कळत नाही. हे सांगणारा माणूस आपल्या पनवेलमध्ये एकच होता."

"कोण?"

मी तुझं नाव घेतलं.

बापाने बायकोकडे पाहिलं. मग माझा मान राखत, आवाज खाली आणून म्हणाला, "शेठ, सभेत आमी होतो. तुमचा मोठेपणा हाय. पण आमाला पोरीसाठी नीट सांगणारा मानूस पायजे."